कावळा न शिवलेली

गौरींचा स्वयंपाक आमच्या घरी माझ्याकडेच असतो. वहिन्या तारखा मोजतात, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. मी बारा महिने सोवळ्यातली. पुरण वाटताना आत्या कौतुकाने म्हणायची, "हिला देवाचं वरदान आहे हो!" मी सोळाची झाले तेव्हा हीच आत्या दर सुट्टीत आईच्या कानाशी लागायची, "कावळा शिवला का गं हिला?"

शेवटी सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं. आई आतून आली ती पदर सारखा करत. "पिशवी लहान आहे म्हणतात," एवढंच बोलली. त्या लहान पिशवीवर आमच्या घराने कितीतरी वर्षं काढली. पोटातल्या 'गाठी' काढायच्या म्हणून ऑपरेशन झालं, पुढे रोज एक गोळी आली. कशाची, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

आईच्या कपाटात पैठणीखाली माझी फाईल होती. तिच्यात लिहिलेलं होतं: ४६, एक्सवाय. अँड्रोजन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम, पूर्ण प्रकार. त्या गाठी म्हणजे वृषणं होती.

आता हे मी कोणालाही न अडखळता समजावू शकते. वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, पण ते ओळखणारा ग्राहक रेणूच पेशींत बिघडलेला असतो. हाका चालू असतात, ओ द्यायला कोणी नाही. म्हणून बाहेरची घडण मुलीची होते. त्याच वृषणांतून येणारं दुसरं संप्रेरक मात्र शरीराला नीट कळतं, आणि ते गर्भाशय घडू देत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचंच इस्ट्रोजेन होतं, छाती भरते. काखेत मात्र केस जवळजवळ येतच नाहीत. माझ्या गुळगुळीत हातांचा मैत्रिणी हेवा करायच्या!

या ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि बहुतेकदा आईकडून येतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमच्या अक्कालाही कधी शिवला नव्हता." अक्कामावशीला मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. तिची तपासणी कधीच झाली नाही. गावाने निकाल मात्र देऊन टाकला होता: वांझ.

स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पतिन्यो हिला तर हे सगळं भर चौकात सोसावं लागलं. १९८५ साली कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्र चाचणीत ती अडकली. पुढच्या वर्षी दुखापतीचं सोंग घेऊन निमूट बाजूला हो, असं तिला सांगण्यात आलं. ती पळाली, जिंकली, आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेलं लग्नही मोडलं. ज्या टेस्टोस्टेरॉनचा तिच्या स्नायूंना काडीचा उपयोग नव्हता, त्याचा फायदा घेतल्याचा तिच्यावर संशय! ती भांडली आणि १९८८ मध्ये तिला पुन्हा धावायची परवानगी मिळाली. माझ्या लेखी तिचं खरं पदक ते.

माझ्या वेळी गाठी ताबडतोब काढायची घाई असे. आता बरेच डॉक्टर मुलगी वयात येईपर्यंत थांबतात, कारण तोवर कॅन्सरचा धोका कमी असतो आणि शरीराला स्वतःचं इस्ट्रोजेन मिळतं. त्या काढल्या की हाडांसाठी गोळी आलीच. माझी रोजची गोळी तीच.

तेव्हा आयांनो, मुलीच्या दोन्ही जांघांत हर्निया निघाला, किंवा पंधरा-सोळापर्यंत पाळी आली नाही, तर नवस बोलत बसू नका; डॉक्टरांकडे न्या. आणि आत जाताना तिला बाहेरच्या बाकावर ठेवू नका. रिपोर्ट तिचा आहे, तिच्या हातात द्या.