आधी न्हाणीघर, मग घर

नव्या रानात वस्ती करायची झाली तर पहिले छप्पर तुम्ही कशावर घालाल? कोणी म्हणेल गोठ्यावर, कोणी म्हणेल राहत्या खोलीवर. न्हाणीघराचे नाव कोणी घेणार नाही. ते शेवटी, उरलेल्या विटांत आणि उरलेल्या जागेत!

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा थंड देश आहे. तिथला जुना शेतकरी जंगल तोडून नवी जमीन करायला निघाला, की बहुधा आधी ‘सौना’ उभा करी. बायकामुलांसह त्यातच राही आणि मग सवडीने घर बांधी. सौना म्हणजे लाकडी न्हाणीघर. त्यात चुलीवर दगड तापवायचे, त्या दगडांवर पाणी शिंपडायचे आणि उठलेल्या वाफेत बसून घाम काढायचा. आज त्या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या वर आहे आणि सौनांची संख्या ३० लाखांच्या घरात. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सौना परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

माझी थोरली मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असते. २०२३ च्या जून महिन्यात तिच्या एका मैत्रिणीच्या माहेरी, कुओपिओ शहराजवळच्या शेतावर, चार दिवस राहण्याचा योग आला. दुधाचा धंदा, गवताचा मुरघास, चहूकडे तळी आणि भूर्जाची झाडे. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन असे. घरात ऐंशी ओलांडलेले आजोबा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई.

तळ्याकाठची काळी खोली

आजोबांनी पहिल्याच दिवशी दुरून बोट करून जुना सौना दाखवला. तळ्याकाठी, ओंडक्यांवर ओंडके रचून केलेली ठेंगणी खोली. ओंडक्यांच्या फटीत शेवाळ ठासलेले. तिला धुराडे नाही! आत दगडांच्या राशीखाली कित्येक तास जाळ करायचा, मग विस्तव काढून टाकायचा, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि नंतर आत बसायचे. भिंती काजळीने काळ्याकुळकुळीत. आगीचे भय म्हणून अशी खोली घरापासून लांब आणि पाण्याजवळ बांधीत.

पण ती नुसती अंघोळीची जागा नव्हती. बियरसाठी मोड आणलेले सातू तिथे वाळवीत, जवसाचा वाख तिथे सुकवीत, मांसाला धुरी तिथे देत. गावातल्या बायका तिथेच बाळंत होत, कारण ऊब, कोमट पाणी आणि आडोसा एकाच ठिकाणी मिळे. आजोबांचा जन्म त्याच खोलीतला. त्यांच्या आजीला शेवटची अंघोळही तिथेच घातली होती.

अडचण अशी, की ती वाट उताराची आणि हिवाळ्यात बर्फाची. दोन वर्षांपूर्वी आजोबा तिथे घसरले आणि मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून त्यांचा शनिवारचा सौना बंद. सूनबाई म्हणाल्या, “बापलेक आठवड्यातून एकदाच निवांत बोलत, ते सौनात. तेही थांबले.” म्हणून मुलाने परसात नवा सौना बांधायला घेतला. आजोबा रुसले. तळे नाही तर सौना कसला, असे त्यांचे म्हणणे.

जागा, उतार आणि वारा

मी गेलो तेव्हा काम शेवटच्या टप्प्यात होते. धंदा विस्ताराचा असल्यामुळे मी वही काढून विचारत सुटलो. हे सगळे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाया खणण्याआधी त्यांनी पालिकेत जाऊन आगीचे आणि अंतराचे नियम विचारले. गवताच्या कोठारापासून लांब आणि धूर घराच्या खिडक्यांत येणार नाही अशा बाजूला जागा धरली. जमिनीला मोरीकडे उतार दिला आणि सांडपाणी विहिरीकडे जाणार नाही, हे आधी पाहिले. स्वयंपाकघराच्या दारापासून सौनापर्यंत सपाट वाट केली आणि तिला धरायला लाकडी दांडी बसवली.

खोली मुद्दाम लहान ठेवली. लांबी अडीच मीटर, रुंदी दोन मीटर, उंची दोन मीटरच्या थोडी वर. मोठी खोली म्हणजे जास्त लाकूडफाटा. गरम हवा वर चढते, म्हणून बसायचा वरचा ओटा असा, की पायसुद्धा चुलीवरच्या दगडांच्या पातळीला किंवा त्याच्या वर राहावेत. नाही तर डोके भाजते आणि पाय गार पडतात. ओट्याला डिंक न सुटणारे लाकूड लागते, कारण तापलेला डिंक कातडीला चटका देतो. खिळे खालून ठोकायचे, तेही त्याच कारणाने.

दगडही वाटेल तो चालत नाही. चुनखडी नको आणि नदीतला गोटाही नको. तो तापून फुटतो. कठीण, जड, काळपट दगड घ्यायचा. ताजी हवा आत यायला चुलीजवळ झरोका आणि बाहेर जायला समोरच्या बाजूला दुसरा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार बाहेर उघडणारे आणि आतून कडी नसलेले. कोणाला घेरी आली, तर नुसत्या धक्क्याने ते उघडले पाहिजे.

पहिला शनिवार

चूल बसली तेव्हा सूनबाई काही न बोलता तळ्याकडे गेल्या आणि जुन्या सौनातले न भुरभुरलेले पाच-सात दगड निवडून पाटीत घेऊन आल्या. ते नव्या दगडांच्या वर ठेवले. आजोबा लांबून पाहत होते.

शनिवारी संध्याकाळी चूल पेटली. पारा ८० अंशांवर गेला. दांडी धरून आजोबा आपल्या पायांनी आले. मीही पंचा गुंडाळून खालच्या ओट्यावर बसलो. आजोबांनी लाकडी पळीने जुन्या दगडांवर पाणी टाकले. चर्र आवाज झाला आणि वाफेची ऊब अंगावर आली. या वाफेला तिकडे ‘ल्योल्यू’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी प्राण असा अर्थ आहे. भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी अंगावर हलके मारून घेतात, तिचा वास खोलीभर पसरला. सौनात देवळात असल्यासारखे वागावे अशी तिकडची रीत. दोघे बापलेक हळू आवाजात बोलत होते. एक शब्द मला कळला नाही, पण बोलणे संपत नव्हते, एवढे कळले.

पूर्व फिनलंडमधील २३१५ पुरुषांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वारंवार सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मरण्याचे प्रमाण कमी आढळले. पण दारू पिऊन आत बसू नये, ताप असताना बसू नये, हृदयाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि बाहेर आल्यावर पाणी भरपूर प्यावे.

आपल्या उन्हात कोणी परसात सौना बांधावा, असे मी सुचवणार नाही. घाम काढायला आपले रान पुरेसे आहे! पण तुमच्या परसातल्या न्हाणीघराकडे एकदा पाहा. उतार कुठे आहे, सांडपाणी कुठे मुरते, विहीर किती लांब आहे, लेकीसुनांना पुरता आडोसा आहे का? आणि म्हाताऱ्या आईला तिथवर जाताना हाताला धरायला काही आहे का? नसेल तर एक बांबू आणि चार खिळे पुरेत. हे काम पुढच्या सुगीवर ढकलू नका.