वरोऱ्यातून गेलेलं

टोपली. कुठे बांबूची, कुठे पत्र्याचं घमेलं. संडासाच्या मागच्या भिंतीला जमिनीलगत एक झडप असे. पहाटे मेहतर बाई नाहीतर बाप्या यायचा, झडप उघडायचा, पत्र्याच्या तुकड्याने आतला मैला खरवडून आपल्या टोपलीत भरायचा, टोपली डोक्यावर घ्यायचा आणि पुढच्या झडपेकडे जायचा. पावसाळ्यात टोपली गळे. जे गळे ते कपाळावरून मानेवर, मानेवरून अंगातल्या कपड्यांत. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही कित्येक वर्षं आपल्या शहरांची स्वच्छता ती हीच. टोपलीविरुद्ध केंद्राचा पहिला कायदा 1993 साली झाला, दुसरा 2013 साली. एवढा उशीर का लागला, याचं उत्तर टोपली कोणत्या जातीच्या डोक्यावर होती त्यात आहे.

मागची बोळ. दर्शनी रस्त्यावर टोपली दिसू नये म्हणून घरांमागून सोडलेली वाट. फ्लशचे संडास आले, तिची गरज संपली.

कोळसा. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली, 1906 साली बंद पडली. वर्ध्याहून रेल्वे आली ती या कोळशासाठी. आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीच्या कितीतरी आधीपासून हे कामगारांचं गाव आहे, एवढ्यासाठीच ही नोंद.

काळा कोट. मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांचा. जन्म हिंगणघाटचा, 26 डिसेंबर 1914. घरची जमीनदारी वरोऱ्याजवळ गोरज्याला. मुलगा लाडाकोडात वाढलेला, शिकारीचा आणि मोटारीचा शौकीन. पुढे वकील झाला, वरोऱ्यात वकिली चालली, 1942 च्या आंदोलनात पकडलेल्यांच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला आणि त्याच काळात सफाई कामगारांच्या संघटनेचा पुढारीही. पगार देणाऱ्या संस्थेत खुर्ची आणि पगार मागणाऱ्यांत जागा, अशी ही दुहेरी स्थिती होती. अशा जागी बसलेला माणूस बहुतेक वेळा मधला मार्ग काढतो, दोन्हीकडे बरा राहतो. आमट्यांनी तसं केलं नाही.

कामगारांची मागणी पगारवाढीची होती. बोलणं सोपं आहे, एकदा टोपली उचलून पाहा, असं आव्हान समोर आलं. त्यांनी टोपली उचलली. एक दिवसापुरती नाही. सुमारे नऊ महिने हा वकील, हा उपाध्यक्ष, वरोऱ्याच्या झडपांमधून मैला काढत राहिला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम आपलं मानलं होतं, गांधींच्या आश्रमात प्रत्येकाला संडास साफ करावा लागे. पण पगाराची मागणी लावून धरणाऱ्या संघटनेच्या पुढाऱ्याने ती मागणी स्वतःच्या डोक्यावर तोलून पाहावी, याला मराठी मुलखाच्या कामगार चळवळीत मला फारशी जोड सापडत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर सफाईचं काम किती तासांचं, किती ओझ्याचं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

श्रमाश्रम. चाळीसच्या दशकात वरोऱ्यात आमट्यांनी मांडलेला सामायिक संसार. वेगवेगळ्या जातींची माणसं एकत्र राहायची, राबायची, एका चुलीवरचं खायची. डिसेंबर 1946 मध्ये लग्न होऊन साधनाताई आल्या त्या या आश्रमात. प्रयोग फार टिकला नाही. त्या दिवसांबद्दल वाचायचं तर त्यांचं ‘समिधा’ आहे.

आणि पुढारी. टोपली वाहण्याच्या त्याच दिवसांत एका पावसाळी संध्याकाळी गटाराकाठी तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने बोटं झडलेला, अंगात किडे पडलेला. आमटे भ्याले, पळाले, मग परत फिरले आणि त्याची शुश्रूषा केली. तिथून पुढची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे: कलकत्त्यात घेतलेलं कुष्ठरोगाचं शिक्षण, 1949 ची महारोगी सेवा समिती, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, खिशात 14 रुपये आणि खडकाळ माळावर आनंदवन. पुढे 1985 चा मॅगसेसे, 1990 चा टेम्पलटन. या उजेडात वरोऱ्याच्या सफाई कामगारांचा पुढारी दिसेनासा झाला. तुळशीराम भेटण्याआधीची पायरी म्हणून त्याला चार ओळी मिळतात, आणि नऊ महिन्यांना संताच्या तपश्चर्येचं रूप येतं. मला ते मान्य नाही. ते महिने पगारवाढीच्या लढ्याचे होते. आनंदवनात भीक नाकारून काम आणि कामाचा मोबदला यांवर बाबांनी जो हट्ट धरला, त्याचं मूळ मला वरोऱ्याच्या बोळींत दिसतं.

मस्टर. मुकादमाच्या हातातलं हजेरीचं पुस्तक, आणि त्यात नाव असलेली नगरपालिकेची कायम नोकरी. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला ती मिळू लागली. खराटा मुलाच्याच हाती द्यायची ही व्यवस्था जातीला घट्ट बांधते, यात शंका नाही. पण त्या पगारावर पोरं शिकली, हेही तितकंच खरं. आता गावोगाव सफाई ठेक्याने दिली जाते. माणूस ठेकेदाराचा, काम नगरपालिकेचं. ठेकेदार बदलला की माणूसही बदलला जातो, आणि अशा माणसाला संघटनेची पावती फाडणंही जोखमीचं वाटतं.

टोपली गेली, तरी माणूस चेंबरमध्ये उतरवला जातोच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये द्यायला सांगितले, 2023 साली रक्कम 30 लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण मरणं थांबली नव्हती.

बाबा आमटे 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात गेले. त्यांचं नाव कुष्ठसेवेच्या इतिहासात पक्कं आहे; कामगार चळवळीच्या इतिहासातही ते लिहायला हवं. आणि सकाळी दारात घंटागाडी येईल तेव्हा गाडीवरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा: पगार कोण देतं, हातमोजे मिळतात का, आणि तुमची संघटना आहे का.