नाणेघाट : खालून आणि वरून

कल्याणहून सुटलेली पहाटेची एसटी मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे गावाच्या पुढे थांबली, तेव्हा कंडक्टरने आम्हा पाच जणांकडे नीट बघून घेतलं. "इथं रानात कशाला उतरताय रे पोरांनो?" साल १९८४. नाणेघाटाची पाटी नव्हती, दगडांवर बाण नव्हते. ओढा ओलांडला की ढोरवाटाच ढोरवाटा. त्यातली खरी कोणती हे गुरं राखणाऱ्या एका मावशींनी दाखवलं. "नानाचा आंगठा डोळ्यासमोर ठेवा, चुकायचं नाय," असं सांगून त्यांनी कळशीतलं पाणीही प्यायला दिलं.

तरीही चुकलोच. ऐन-उंबराच्या सावलीतून निघून कारवीत घुसलो आणि अंगठ्यासारखा तो सुळका दिसेनासा झाला. तासभर भरकटल्यावर पायाखाली घासून गुळगुळीत झालेला दगड लागला, पुढे दुसरा, मग पायऱ्यांची ओळ. वाट सापडल्याचा आनंद एवढा होता, की ती कोणी बांधली हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

वरच्या खिंडीखालच्या गुहेत मुक्काम केला. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन, मग यज्ञांची आणि दक्षिणेची यादी. एका यज्ञात तर १७०० गायी आणि १० हत्ती. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी काही याच भिंतींवर आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या. सिमुक, सिरि सातकनि, एक महारठि अशी वर कोरलेली नावं तेवढी राहिली.

हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री आम्ही गुहेच्या तोंडाशी तीन दगड मांडून खिचडी शिजवली आणि त्याच अक्षरांना पाठ टेकून पहाटेपर्यंत गाणी म्हटली. धुराने डोळे चुरचुरले म्हणून कुरकुरलो, पण तो धूर कशावर बसतोय हे एकाच्याही मनात आलं नाही. आज तिथे कोणी चूल मांडली तर चार जण धावून येतील. आमच्या वेळी कसं छान होतं, असं म्हणताना ही खिचडी आठवते आणि जीभ थोडी आवरते.

गेल्या श्रावणात पुतण्याच्या गाडीने गेलो. जुन्नर, घाटघर करत गाडी थेट पठारावर. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, मक्याची कणसं, मॅगी, भिजलेली पोरं. कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं उडतं. तो उलटा धबधबा बघायला ही गर्दी. मला तो गोंगाट नकोसा झाला. पण गोंगाटाचा राग नाणेघाटावर तरी कसा काढायचा? कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल जुन्नर-पैठणला चढवायचा म्हणून तर ही खिंड खोदली. तांडे, बैल, जकातीची हुज्जत, त्यांच्यामागून घंटांचा आवाज. आम्हाला १९८४ साली मिळालेली शांतता ही ओस पडलेल्या बाजारपेठेची शांतता होती.

खंत वेगळीच आहे. वाटेकडेचा भलाथोरला दगडी रांजण बघून पुतण्या म्हणाला, "काका, एवढासा रस्ता आणि जकात कसली?" आत चिप्सची पाकिटं तरंगत होती. जकात याच रांजणात टाकत असं सांगतात, म्हटलं. त्याने मान हलवली, फोटो काढला. गुहेकडे तो वाकूनही बघेना. त्याचा तरी काय दोष? तो वरून आला होता, आणि घाट खालून आलेल्यासाठी आहे.

म्हणून डिसेंबरात त्याला वैशाखऱ्याच्या बाजूने नेलं. आता वाटेवर बाण आहेत, मोबाइलमध्ये नकाशा आहे. चुकलो नाही, एवढी एक मजा हुकली. पदरावर त्याने बूट सैल केले, शेवटच्या पायऱ्यांवर बोलणं बंद केलं. गुहेत शिरला तो थेट जमिनीवर बसला आणि गार दगडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच उठून अक्षरांजवळ गेला, हात मागे बांधून. पुढे खिंडीतून वर आल्यावर रांजणाच्या काठाला धरून धापा टाकत म्हणाला, "इथवर ओझं घेऊन आल्यावर वर पैसेही मोजायचे?"

जकात त्याला कळली.

पठारावर गाडीने जाऊन आला असाल तर एकदा हिवाळ्यात वैशाखऱ्याहून चढा. तीन तास धरून चाला. पाणी खालूनच भरून घ्या, आणि भिंतीला टेकू नका.