नाफ्प्लियो : काचेमागची खूण

ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सांतोरिनीचे निळे घुमट आणि हनिमून पॅकेज! नाफ्प्लियो या यादीत नसतं, आणि माझ्या मते तोच त्याचा प्लस पॉइंट. अथेन्सहून बसनं दोन-अडीच तास. बोगनवेलीनं झाकलेल्या गल्ल्या, लाकडी बाल्कन्या, बंदरावर ओळीनं कॅफे आणि टेबलावर फेसाळ फ्रापे. एकदम फिल्मी मामला. पण याच गल्ल्यांमध्ये ग्रीक क्रांतीनं आपल्याच माणसांवर हात उचलला.

सुरुवात अर्थात किल्ल्यापासून. गावाच्या डोक्यावर २१६ मीटर उंचीचा पालामिदी आहे. व्हेनिसच्या लोकांनी तो १७११ ते १७१४ या काळात बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांकडे घालवला! १८२१ मध्ये ग्रीक उठले तेव्हा समुद्राकडून नाकेबंदी केली ती बुबुलिना या जहाजमालक विधवेनं, स्वतःचं ‘अगामेम्नॉन’ घेऊन. उपासमारीनं किल्ला पोखरला गेला आणि १८२२ च्या नोव्हेंबरअखेर एका रात्री (जुन्या कॅलेंडरप्रमाणे) स्ताइकोपुलोसची माणसं भिंती चढून आत शिरली. पायऱ्या ९९९ आहेत असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. मोजणाऱ्यांची बेरीज मात्र कमीच भरते. मी शंभरीनंतर मोजणं सोडून दिलं. चढायचं नसेल तर मागून थेट दरवाजापर्यंत टॅक्सी जाते.

मला मात्र किल्ल्यापेक्षा खालचं सेंट स्पिरिडॉनचं चर्च जास्त लक्षात राहिलं. अरुंद गल्लीत, इतकं छोटं की पटकन दिसतही नाही. दाराशेजारच्या भिंतीत काचेमागे एक खळगा आहे, बंदुकीच्या गोळीचा. योआनिस कापोदिस्त्रियास, स्वतंत्र ग्रीसचा पहिला गव्हर्नर, १८२८ मध्ये इथे उतरला. त्याआधी तो रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री होता. देशात ना पैसा, ना शाळा, ना धड प्रशासन. त्यानं नाणं काढलं, शाळा काढल्या, बटाटासुद्धा आणला. लोक बटाट्याला हात लावेनात, तेव्हा त्यानं ढिगावर पहारा बसवला आणि मग लोक चोरून नेऊ लागले, असा एक धमाल किस्सा सांगतात. पण गव्हर्नरसाहेबांचा खाक्या जरबेचा. मानी प्रांतातल्या मावरोमिखालिस घराण्याच्या म्हाताऱ्या प्रमुखाला त्यानं कैदेत टाकलं. ९ ऑक्टोबर १८३१ च्या रविवारी सकाळी तो प्रार्थनेला आला, तेव्हा त्या प्रमुखाचा भाऊ आणि मुलगा दारातच उभे होते.

दोन मिनिटांवर एक जुनी मशीद आहे. क्रांतीच्या काळात इथेच ग्रीकांची संसद भरायची. १८३४ मध्ये याच छताखाली थिओदोरोस कोलोकोत्रोनिसवर देशद्रोहाचा खटला चालला. हो, तोच, ज्यानं तुर्कांना मैदानात लोळवलं होतं! १८३३ मध्ये बव्हेरियाहून आणलेला राजकुमार ओथॉन वयात आला नव्हता, आणि त्याच्या नावानं कारभार करणाऱ्या रीजंट मंडळींना हा म्हातारा सेनापती डोईजड झाला होता. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी मृत्युदंडाच्या निकालावर सही करायला साफ नकार दिला. शिपायांनी त्यांना ओढत खुर्चीवर आणून बसवलं, तरी सही नाही. पुढे खुद्द त्यांच्यावरच खटला भरला गेला, सुटले दोघंही. फाशी टळली आणि १८३५ मध्ये ओथॉननं सूत्रं हाती घेतल्यावर कोलोकोत्रोनिसला माफी मिळाली. आज गावातल्या कोर्टापाशी त्या दोन न्यायाधीशांचे पुतळे आहेत. घोड्यावर बसलेला सेनापती आहेच बागेत, फोटोही त्याचेच निघतात. मी आधी कोर्टाकडे गेले.

ओथॉनचं काय झालं? ज्या गावानं त्याचं जंगी स्वागत केलं, तिथल्याच लष्करी ठाण्यानं १८६२ च्या फेब्रुवारीत त्याच्याविरुद्ध बंड केलं. कालिओपी पापालेक्सोपुलू ही माजी महापौराची विधवा त्यात आघाडीवर होती. राजाच्या फौजेनं वेढा घालून एप्रिलमध्ये बंड मोडलं. ऑक्टोबरमध्ये अथेन्सच उठलं आणि ओथॉनला ब्रिटिश युद्धनौकेवरून देश सोडावा लागला.

संध्याकाळी बंदरावर बसलं की समोर पाण्यात बुर्त्झी दिसतो, चिमुकला, पोस्टकार्डावर असतो तो किल्ला. १८६५ नंतर तिथे जल्लादांना ठेवत. पालामिदीवरच्या कैद्यांना देहदंड द्यायचा असला की त्यांना होडीतून आणायचं, काम झालं की परत पोचवायचं. गावात त्यांचा शेजार कुणालाच नको होता. विसाव्या शतकात त्याच बुर्त्झीत हॉटेल निघालं आणि ते चांगलं चाललंही.