शटर उघडं ठेवून

परभणी जिल्ह्यात वीज टिपायला उंच जागा शोधत हिंडावं लागत नाही. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर सगळं काळं, सपाट रान. मे महिन्यात दुपार कलली की आभाळात ढग चढताना कितीतरी आधीच दिसतात. फोटोग्राफरसाठी ही चैनच. अडचण एवढीच, की त्या रानात ट्रायपॉडशेजारी उभा राहिलेला माणूस बहुधा सगळ्यांत उंच असतो.

वीज चमकल्यावर बटण दाबणाऱ्याच्या हाती सहसा नुसतं अंधारलेलं आभाळ लागतं. म्हणून रात्री शटर आधीच उघडून बसायचं. आयएसओ १०० किंवा २००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, फोकस दूरच्या दिव्यावर हाताने जुळवलेला आणि शटर वीसेक सेकंद उघडं. वीज आपला उजेड आपणच घेऊन येते. शटर दहा सेकंद ठेवा की तीस, तिचा लखलखाट तेवढाच उमटतो. वाढतो तो गावातल्या दिव्यांचा उजेड. विजेचं तेज आवरायचं तर अॅपर्चर लहान करावं लागतं. १८८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्जने विजेचा फोटो काढला, तेव्हा चित्रकारांची ती कोनाकोनांची रेघ खोटी ठरली. विजेला फांद्या होत्या.

पावसाचं गणित अगदी उलटं. इथे सगळा कारभार शटरचा.

मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. १/६० सेकंदात त्याची १५ सेंटीमीटरची रेघ होते, १/१००० मध्ये सेंटीमीटरभरही नाही. गोठवलेले थेंब बरेचदा लेन्सवरच्या धुळीसारखे दिसतात. पाऊस पडतोय असं वाटतं ते रेघांमुळेच. त्याही दिसायला मागून ऊन हवं आणि पाठीशी कडुनिंबासारखं काही गडद. पांढऱ्या आभाळापुढे मुसळधार पाऊससुद्धा हरवतो.

लखलखाट आणि गडगडाट यांत ३ सेकंद गेले तर वीज साधारण किलोमीटरभर दूर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की ट्रायपॉड तिथेच सोडून गाडीत बसायचं, काचा वर करून. झाडाखाली नाही आणि आखाड्यावरच्या उघड्या पत्र्याखालीही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते मोबाइलमध्ये हवंच.

तसेही देखणे फोटो लांबच्या वादळाचेच येतात. गंगाखेडकडे पंचवीस-तीस किलोमीटरवर उठलेला ढग बुडापासून शेंड्यापर्यंत चौकटीत मावतो. तोच डोक्यावर आला की वीज पावसाच्या पडद्याआड जाते आणि लेन्स पुसण्यातच सगळा वेळ जातो.