आडनाव पुसलेले गाव

पुणे जिल्ह्यात प्रसिद्ध तळेगावे दोन. मावळातले दाभाड्यांचे आणि शिरूर तालुक्यातले, आमच्या जिव्हाळ्याचे, ढमढेऱ्यांचे. 'तळेगाव' हे एकट्याने पुरे नाव नव्हेच. तो एक साचा आहे. 'दिघे' जोडले की तो संगमनेर तालुक्यात बसतो, 'दशासर' जोडले की अमरावती जिल्ह्यात.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांत 'जेनेरिक' म्हणतात ते साधारण हेच. 'यादी' ही कल्पना एकदाच लिहायची, 'कशाची' ही जागा मोकळी ठेवायची. वापरताना तेथे आकडे भरावेत किंवा नावे. यादी उलटी करण्यास आत काय आहे हे कळावे लागत नाही. तेथे अमूर्तता उपकारकच. पण बेरीज करायची म्हटली की प्रश्न उभा राहतो: आकड्यांची होईल, माणसांच्या नावांची कशी व्हावी? आतल्या वस्तूकडून अपेक्षा असेल तर साच्याने ती उघड सांगितली पाहिजे. सी प्लस प्लसचे साचे ती अनेक वर्षे मनातच ठेवीत. चूक झाली की तक्रार साच्याच्या पोटातून, वापरणाऱ्यास न उमगणाऱ्या शब्दांत येई. अपेक्षा स्पष्ट मांडण्याची सोय २०२० च्या आवृत्तीत आली.

जावाने २००४ साली जेनेरिक स्वीकारले. परंतु जुन्या प्रोग्रॅमांशी मेळ राहावा म्हणून कंपायलरची तपासणी आटोपताच आतल्या प्रकाराचे नाव पुसण्याची रीत ठेवली. प्रोग्रॅम चालू असताना आकड्यांची यादी आणि नावांची यादी, दोन्ही नुसत्या याद्या. जणू दोन्ही नुसती तळेगावे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या 'गो' भाषेच्या कर्त्यांनी तर २०२२ पर्यंत साच्यावाचूनच चालवले.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे मांडण्याचे कारण असे की, 'ग्रामीण साहित्य' हाही साचाच आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) त्यात शेजारी बसतात. ही पुस्तके शहराबाहेरच्या जगण्याकडे वळली, एवढेच म्हणायचे असेल तर साचा पुरतो. पण 'ग्रामीण बोलीची वैशिष्ट्ये' असा प्रश्न काढला, की माणदेशी आणि वऱ्हाडी यांतला भेद पुसला जातो, आणि विद्यार्थी कोणत्याही पुस्तकास लागू पडेल असे, म्हणजे कोणत्याच पुस्तकाचे नसलेले, उत्तर लिहितो.

साचे टाकून द्यावेत, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यावाचून दोन पुस्तकांविषयी एका दमात बोलताच यायचे नाही. मात्र विधान करण्यापूर्वी स्वतःस विचारावे: याला आतल्या वस्तूची ओळख लागते का? लागत असेल, तर ती ओळख विधानातच लिहिली पाहिजे.