छाटणीपूर्वी एक फेरी

यवतमाळच्या घरी काम करत असताना एके सायंकाळी संगणकाने जागा संपल्याचे कळवले. कारण ठाऊक होते: डॉकरमधल्या जुन्या इमेजेस आणि बंद पडलेले कंटेनर. इमेज म्हणजे साचा. कंटेनर म्हणजे त्या साच्यातून उभा केलेला चालता नमुना. कंटेनर मोडला तरी जी माहिती टिकायला हवी, ती व्हॉल्यूममध्ये ठेवायची.

'डॉकर सिस्टिम प्रून' ही कमांड दिली. प्रून म्हणजे छाटणी. बंद कंटेनर, बिननावाच्या बेवारस इमेजेस असे बरेच काही गेले. व्हॉल्यूमना ही कमांड आपणहून हात लावत नाही. तरी जागा पुरेना. मग 'डॉकर व्हॉल्यूम प्रून' लिहिले आणि नाव दिलेली व्हॉल्यूमही जावीत म्हणून पुढे 'डॅश ए' जोडले. खात्री आहे का, असे यंत्राने विचारले. मी सवयीने होकार दिला.

त्यात बाबांची वही होती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला, त्या हंगामापासूनची: प्रत्येक वेचणीचे क्विंटल, मजुरी, फवारण्या. ती मीच संगणकावर चढवली होती आणि आता कागद कशाला, म्हणत मूळ वही रद्दीत दिली होती.

यंत्राचे काही चुकले नव्हते. त्याच्या लेखी 'निरुपयोगी' म्हणजे ज्याच्याशी कोणताही कंटेनर जोडलेला नाही ते. ही जोड मीच पहिल्या, निरुपद्रवी वाटलेल्या छाटणीत तोडली होती.

छाटणी बाबाही करतात, आणि निर्दयपणे करतात. फरदड ठेवली तर अळीला आसरा मिळतो, म्हणून हंगाम सरताच पऱ्हाटी उपटतात. पण त्याआधी ते एकटेच तासातासाने शेतभर एक फेरी मारतात. लहानपणी मला ती वेळेची नासाडी वाटे. आता मी आधी 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' देतो आणि यादीतले प्रत्येक नाव वाचतो.

बाबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सतराचे आकडे पाठ आहेत मले. घे लिहून."

कागदावर लिहून घेतले. अठरापासूनचे मात्र त्यांना आठवेनात.